पैठणीवर ब्रीडाबाईंचं डोकं

शनिवार, १४ मे २००५, क्लोनडॉकिन, डब्लिन

शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. बाबांच्या कीबोर्डवर मराठी अक्षरं शोधत एका बोटाने टाइप करतेय.

शाळा सोडल्यापासून एका जुन्या अमेरिकन चित्रकाराचं पुस्तक वाचतेय. तो म्हणे हिवाळ्यात घरी बसून बिनडोक्याची माणसं रंगवायचा आणि उन्हाळ्यात गावोगाव फिरून त्यांवर गिऱ्हाइकांची डोकी काढायचा. मला भारीच वाटलं. म्हणजे लोकांकडे थोडाच वेळ बघायचं! म्हणून मी आईच्या हिरव्या पैठणीतलं धड आधीच रंगवून ठेवलं. पण आई बसेचना. "आधी ते भूत भिंतीवरून काढ!"

आणि बाबांची अट अशी, की घराबाहेरच्या एका तरी माणसाला माझं चित्र आवडलं तर आर्ट क्लास, नाहीतर सप्टेंबरात परत शाळा.

आज शेजारच्या ब्रीडाबाई आपणहून समोर येऊन बसल्या. दुसरं धड तयार नव्हतं, आणि तसं सांगायची मला लाज वाटली. काढलं त्यांचं डोकं पैठणीवर.

बघायला त्या चित्राजवळ सरकल्या, मग अजून जवळ. बाबा माझ्याकडे बघतायत. मेले, म्हटलं.

"अगं लव्ह, एवढी बारीक कंबर मला लग्नातपण नव्हती. ग्रँड!" मग आईकडे वळून, "उद्या चर्चला हीच साडी नेसव हं मला. सगळ्यांना चित्र दाखवणारे, खोटं नको वाटायला."

आई चक्क हो म्हणाली! स्वतःची पैठणी! माझ्यासाठी, की नाही म्हणता आलं नाही म्हणून? विचारायचं धाडस नाही. पण क्लास मिळाला.

अरे हो, मामाला इथेच आयर्लंडमध्ये, एनिस गावच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली.