आकड्याखालचा खळगा

मंगळवार, ४ ऑक्टोबर १९९४

प्रिय इर्मे, दाजींचा गुडघा कसा आहे? गारठा पडला की तो कुरकुरणारच. गरम विटेचा शेक दे. सासूबाईंचा खोकला गेला का? आनेग्रेटची दाढ काढली, की अजून गाल धरून बसली आहे? आणि आपली लंगडी हंसीण? तिचीही खबर कळव, घरातलीच ती. मी ठणठणीत आहे. रोज थोडं थोडं लिहीन आणि सगळं एकदम टपालात टाकीन, म्हणजे तुझा हेल्मारदादा काय करतोय ते तुला कळेल.

झूल गावाच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला हे घर. बसवाल्यानं माझी तेलाची बुधली पाहून विचारलंच, काका, हे बंदुकांना की सांध्यांना? मी म्हटलं, जे आधी गंजेल त्याला. घरधनीण गुंडुला झायसिंग. नवरा आर्नुल्फ वसंतात गेला. मागे भिंतभर कैसरच्या काळातल्या लष्करी बंदुका. त्या तपासायला मला बोलावलंय; त्यातली एक तरी अस्सल निघाली तर संग्रहालय घेणार आणि खाली आर्नुल्फच्या नावाची पाटी लावणार. बाईंना तेवढंच हवंय. अलुबुखारचा केक इतका वाढला की पट्टा सैल करावा लागला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर खिडकीपाशी बसून काम केलं. भिंग तेच, ज्याच्या मुठीवर बाबांनी माझं नाव कोरलं होतं.

तुला मागे सांगितलं होतं ना, या बंदुकीच्या प्रत्येक भागावर तिच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, आणि शेजारी तपासनिसाचा मुकुटाचा शिक्का. नळी, चाप, बारीकसा स्क्रूसुद्धा. एका घरच्या माणसांचं नाक सारखं असावं तसं. सगळे जुळले तरच ती अस्सल. बाकी बंदुका इकडून तिकडून जमवलेल्या निघाल्या. एक मात्र देखणी! सगळीकडे बासष्ट. फक्त बोल्टावर, म्हणजे मागून आत सरकवायच्या खिट्टीवर, पस्तीस. कुण्या दुसऱ्याच बंदुकीचा.

बाईंना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, आमचे हे बोल्टासारखेच होते, एकदा आत गेले की बाहेर यायचं नाव नाही.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

इर्मे, रागावू नकोस. काल बटाट्याचे गोळे वळता वळता बाई रडल्या. पाटी लागली नाही तर त्यांचं नाव पुसलं जाईल, म्हणाल्या. माझं मन लोण्याचं, तुला ठाऊकच आहे. आर्नुल्फच्या खणात आकडे ठोकायचे ठसे होते. पस्तीस घासून काढला. बासष्ट ठोकला. वर तेलकाजळी चोळली.

असल्या लबाडांना मी जन्मभर शिव्या घातल्या. डोळ्यांना फसवता येतं, बोटाला नाही. घासलेल्या जागी खळगा राहतो, आकड्यावरून बोट फिरवलं की लागतो. पण संग्रहालयवाले कुठे बोट फिरवतात?

काम करताना बाईंनी मला आर्नुल्फचा एप्रन बांधला. माझ्याच मापाचा.

शनिवार, ८ ऑक्टोबर

सकाळी चमच्याच्या पाठीवर मुकुट दिसला आणि खाली बासष्ट. हसलो. आर्नुल्फचं खूळ, म्हटलं.

मग वस्तऱ्यावर दिसला. वस्तरा माझा आहे, इर्मे. घरून आणलेला. चष्म्याच्या काडीवरही. बोट फिरवलं. खळगा.

बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, या घरात राहिलं की सगळं जुळून येतं.

रविवार, ९ ऑक्टोबर

भिंगाच्या मुठीवर बाबांनी कोरलेलं नाव नाही. लाकूड तिथे चाटल्यासारखं खोलगट, आणि त्यात बासष्ट.

केलेलं उलटवायला गेलो. बोल्टावर पुन्हा पस्तीस ठोकला. ठसा तीनदा भिंगाखाली पाहिला होता, तीन आणि पाच. ठोकून उचलला —

बासष्ट.

उद्या दुपारच्या बसनं निघतो. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पाव आणि सॉसेज बांधून दिलं.

सोमवार, १० ऑक्टोबर

बस आली. तोच बसवाला. हसून म्हणाला, झायसिंगकाका, आज कुठे स्वारी?

मी झायसिंग नाही, मी — म्हणायला तोंड उघडलं. पुढे काही नव्हतं. जिभेवर गुळगुळीत. तो थांबला, वाट पाहिली, मान हलवून गेला.

परत आलो. दुसरं कुठे जाणार? दाराच्या कडीवर मुकुट. स्वयंपाकघरातून हाक आली, "जेवण गार होतंय, आर्नुल्फ."

मी ओ दिली. इर्मे, मी ओ दिली.

सोमवारच असावा

मानेमागे बोट फिरवलं. दुखत नाही. खळगा आहे. आत दोन आकडे — वाचायची गरज नाही.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. पहिल्या पानावर हेल्मार असं नाव आहे. दहादा म्हणून पाहिलं. बसत नाही. दुसऱ्याच बंदुकीचा बोल्ट.

गुडघा — कुणाचा दुखत होता? सासूबाईंचा? कुणीतरी लंगडत होतं, पांढरं —

दाराशी बाई उभ्या आहेत. पाकिटाला तिकीट लावून. पाठवणाऱ्याचं नाव मी घालते, म्हणतात.

तू लवकर उत्तर लिही, इर्मे. लगेच लिही. पाकिटावर माझं नाव घाल, ठसठशीत, बाबा कोरायचे तसं. ते वाचून मी जर ओ दिली नाही, तर —