मिशीवाले आजोबा बाहेर गेले आहेत

डेपोचं वसतिगृह
४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. खोलीत चौघी आहोत आणि खिडकीतून रांगेत उभ्या बसगाड्यांच्या फक्त पाठी दिसतात. उद्यापासून गाडी हातात देणार. तुमची छकुली आता बस चालवणार, तेव्हा रस्त्यावरून जरा जपून चाला.

दिवसभर आमचे मोबाइल कपाटात कुलूपबंद. आणि तुमच्याकडे फोन वाजला की आमच्या चिमुकल्या मॅडम कान झाकून टेबलाखाली जातात. म्हणून आपलं पत्रच बरं.

आता मॅडमविषयी. आठ वर्षांची नात एकटी तुमच्याकडे राहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा तुमची तारांबळ उडणार हे धरूनच चालते. बटाटा आणि दही एकाच ताटलीत वाढू नका. त्यांची आपसात भेट झाली की जेवण संपलं. जवळ घ्यायचं तर आधी विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तोंड पाडून बसू नका. टेबलाखाली गेली तर ओढून काढू नका, तिथेच शेजारी बसून चहा प्या. मी तर उशीच नेऊन ठेवलेली असते. डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम म्हटलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं की हे बरं कधी होणार. अहो, हा काही ताप नाही उतरायला. ती अशी आहे आणि आपण असे आहोत. कोण जास्त विचित्र, ते अजून ठरायचंय.

एक मात्र खरं. प्रशिक्षण मधेच सोडलं तर हे लोक पुन्हा दारात उभं करणार नाहीत. तुमचे जावई बोटीच्या भटारखान्यात, ते एप्रिलशिवाय जमिनीला पाय लावत नाहीत. तेव्हा माझी सगळी भिस्त तुमच्यावर. मॅडमना लांबूनच पापा, त्यांना तसाच चालतो.

लोभ आहे तो वाढता ठेवा.
तुमची,
छकुली

*

घर
९ फेब्रुवारी

चि. सौ. छकुली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मला काहीच कळत नाहीये.

मुलगी माझ्या खुर्चीवर राहते. घरात नव्हे, पुढे दुकानात, दाढीच्या खुर्चीवर. पायाने दांडा दाबला की खुर्ची वर जाते, खटका ओढला की फुस्स करून खाली येते. सकाळपासून मॅडम वर आणि खाली. सलून मी बंद केलं असलं तरी दोन-चार जुनी गिऱ्हाइकं अजून येतात. काल एकाची दाढी उभ्यानेच करावी लागली, कारण मॅडमनी उतरायला साफ नकार दिला.

तू म्हणतेस ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. अगं, बघते की! आरशात बघते. मी पाठीमागे उभा राहून आरशाशी बोललो की ती आरशातल्या मला नीट उत्तर देते. आता आम्ही कात्रीवाले जन्मभर गिऱ्हाइकाशी तसंच बोलत आलो, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटेना. पण मी वळून समोर गेलो रे गेलो की ती खिडकीबाहेर. मग हिचं बोलणं नेमकं माझ्याशी चाललेलं असतं की आरशाशी?

आणि मिशीचं कोडं तर सुटतच नाही. रोज सकाळी उठली की ती माझ्याजवळ येते, मिशीवर एक बोट ठेवते, टोचते असं म्हणते आणि निघून जाते. मग दिवसभर हाताच्या अंतरात येत नाही. शेजारच्या शिंपीणबाई म्हणतात की पोरीला मिशीची किळस असणार. मी म्हटलं, ही मिशी माझ्या लग्नाच्या फोटोतली आहे, हिला आजवर कुणी नाक मुरडलं नाही. पण मनात शंका शिरली ती शिरलीच.

छकुले, खरं सांग. मी तिला आवडतो की नाही? या वयात असलं विचारायला लाज वाटते, पण रोज सकाळी ती टोचते म्हणून पाठ फिरवते आणि मी आरशात मिशीच न्याहाळत बसतो.

काळजी घे. ब्रेक वेळेवर दाब. माया आहे ती आहेच.
तुझे बाबा

*

डेपोचं वसतिगृह
१३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवताना वाचलं आणि हसता हसता ठसका लागला. बाकीच्या तिघींनाही दाढीच्या खुर्चीचं वाचून दाखवलं. आता रोज संध्याकाळी मॅडमची खबर विचारतात.

ती आवडतं असं कुणाला सांगत नाही हो, बाबा. मी तिची आई, तरी माझ्याकडे सगळा अंदाजपंचे कारभार. एकदा तिने तिचा ओला मोजा आणून माझ्या हातात दिला आणि बाकी कुणालाच दिला नाही. त्यावर मी वर्षभर खूश होते. तुम्हीही असंच काहीतरी शोधा आणि त्यावर दिवस काढा.

आणि टोचते म्हणजे टोचते. त्याच्या मागे फार अर्थ लावत बसू नका. एवढंच मनाला लागत असेल तर काढून टाका मिशी, न्हाव्याकडे जायचंही काम नाही, दुकान घरातच आहे!

माझा क्लच अजून रुसलेला आहे. आमचे शिकवणारे मास्तर म्हणतात की मी गाडीला प्रत्येक गोष्ट विचारून करते. त्यांना काय ठाऊक मी घरी कुणाच्या हाताखाली तयार झालेय.

मॅडमना लांबून पापा. आठवण असू द्या.
तुमची,
छकुली

*

घर
१८ फेब्रुवारी

चि. छकुली हिस,
आशीर्वाद.

मी मिशी काढली.

तूच लिहिलंस म्हणून काढली. सोमवारी सकाळी ती उठायच्या आत आरशासमोर उभा राहिलो. चार फटक्यांत काम झालं. वाटलं, आता येईल, बोट ठेवेल, टोचणार नाही, आणि कदाचित जवळ बसेलसुद्धा. मी तर बाजूला स्टूलही ठेवलं होतं.

ती आली. बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग बोट मागे घेऊन मला नमस्कार केला आणि आजोबा बाहेर गेले आहेत, तुम्ही नंतर या, असं मला सांगितलं.

मी म्हटलं, अगं मीच आजोबा. तर कानांवर हात, आणि टेबलाखाली. आवाज माझा, सदरा माझा, चष्मा माझा. लग्नाचा फोटो काढून दाखवला तर तिने फोटोतल्या मिशीवर बोट ठेवलं आणि हे आजोबा, असं निक्षून सांगितलं. शिंपीणबाई साक्ष द्यायला आल्या, त्यांचंही काही चाललं नाही. दुपारी उशी घेऊन मी टेबलाजवळ चहा पीत बसलो, तुझ्या सांगण्याप्रमाणे. आत बसून ती हळू आवाजात आजोबा कधी येणार असं पुटपुटत होती. आणि आजोबा तिथेच कप घेऊन बसलेले! छकुले, मी माझ्याच घरात कोण आहे तेच मला कळेना.

कालपासून मी पाहुणा आहे. आत यायचं तर दार वाजवावं लागतं. जेवली थोडी. दाराकडे बघत असते.

काय करू ते उलट टपाली कळव. डोकं चालत नाही.
तुझे बाबा

*

डेपोचं वसतिगृह
२१ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, ती थट्टा होती! तुम्ही माझ्या थट्टेवर उभा जन्म वाढवलेली मिशी उतरवलीत?

आधी मी हसले. मग आज गाडी चालवताना मॅडम दाराकडे बघत बसल्याचं डोळ्यांसमोर आलं आणि मास्तरांना सांगून गाडी थांबवावी लागली. बाबा, मी सगळं हसण्यावारी नेते, कारण नाही नेलं तर माझा पाय उचलणार नाही. पण ती एखाद्याची वाट बघायला लागली की तासन्‌तास बघते, हे मी पाहिलंय. ते मला सोसत नाही.

आणि तुमचंही मला काही कळेनासं झालंय. ओरडायचं तुमच्यावर की तुम्हाला जवळ घ्यायचं?

बॅग भरून ठेवली आहे. तुमचं पत्र आलं की निघते. बसचं बघू पुढे कधीतरी. दुसरं काहीही शिकेन.

तुमची,
छकुली

*

घर
२४ फेब्रुवारी

चि. छकुली हिस,
आशीर्वाद.

बॅग रिकामी कर. येऊ नकोस. आधी हे पत्र पुरतं वाच.

पाहुण्यांचं आता बरं चाललं आहे. पाहुण्यांना पहिलं बिस्किट मिळतं, ते तूच शिकवलेलं दिसतं. आजोबांना ते कधी मिळालं नव्हतं. काल मॅडम खुर्चीवर आणि पाहुणे मागे उभे, असे आम्ही आरशात बघत होतो. मी सहज विचारलं, तुमचे आजोबा कसे आहेत हो? नवख्या माणसाने विचारावं तसं.

मग ती जे बोलायला लागली! एवढं सलग बोलताना मी तिला ऐकलंच नव्हतं. ती म्हणाली की लोकांची तोंडं सारखी बदलतात. हसली की वेगळी, चष्मा काढला की वेगळी, रागावली की आणखी वेगळी, मग तिचा गोंधळ होतो. आजोबांचं तसं नाही. आजोबांना एका जागी बोट लावलं की टोचतं, आणि टोचलं की ते आजोबाच असतात, मग दिवसभर पुन्हा बघायला लागत नाही. आजोबा खुर्ची वर नेताना आधी सांगतात. आजोबा बटाट्याला दही लागू देत नाहीत. आजोबा तिचे आहेत. हे सगळं ती आरशात माझ्या डोळ्यांत बघून सांगत होती.

छकुले, ती तक्रार नव्हतीच. रोज सकाळी मी तिचा आहे की नाही ते ती बघून जायची, आणि मी वेड्यासारखा वस्तरा चालवला.

माझे डोळे भरून आले. पाहुणे रडतात का असं तिने विचारलं, तेव्हा मी साबण गेला म्हणालो. तिने ओला नॅपकिन दिला. मोजा नव्हे, पण मी त्यावर दिवस काढणार आहे.

आजोबा केव्हा येतील असं मीच तिला विचारलं. मिशी आली की येतील, असं तिने सांगितलं. म्हणजे तिला सगळं कळतं की काहीच कळत नाही, ते मी आता विचारत नाही. मिशी तर वाढणारच, तिला दुसरं काम काय? तोवर मी दार वाजवत जाईन. तू गाडी शीक.

तुझे बाबा (सध्या पाहुणे)

*

डेपोचं वसतिगृह
१ मार्च

ती. बाबांना आणि सन्माननीय पाहुण्यांना,
शि. सा. न. वि. वि., दोघांनाही.

बॅग रिकामी केली. ती रिकामी करताना आमची एक मैत्रीण विचारत होती की नेमकं झालं काय. मी सांगितलं, माझे वडील घरी परत यायचेत, ते घरीच आहेत आणि बरे आहेत. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

बाबा, आठ वर्षांत तिने तोंडांविषयी मला हे कधी सांगितलं नव्हतं. थोडा हेवा वाटला. मग वाटलं, मला पाहुणी व्हायचं सुचलंच नाही कधी. मी आपली आल्या आल्या घट्ट आई!

परीक्षा पंचवीसला आहे. गाडी मागे घेताना अजून खांब आडवे येतात. पाहुण्यांना म्हणावं मिशीला तेल लावा. माझा भरवसा तुम्हा दोघांवर आहे.

तुमची,
छकुली

*

घर
३० मार्च

चि. सौ. छकुली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पास झालीस! पत्र हातात घेऊन मी सगळ्या आळीत फिरलो. मॅडमना सांगितलं तर त्यांनी फक्त बस कितव्या नंबरची, एवढंच विचारलं. लवकर कळव, नाहीतर जेवण अडकेल.

आता इकडची बातमी. शिंपीणबाईंची टेप घेऊन मॅडम रोज माझा ओठ मोजत होत्या आणि अजून नाही असं म्हणून टेप गुंडाळून ठेवत होत्या. परवा सकाळी मी दार वाजवून आत गेलो. तिने टेप घेतलीच नाही. बोट ठेवलं. टोचते म्हणाली. बोट काढलं नाही, ठेवूनच उभी राहिली. मग तुम्हाला उशीर झाला, असं म्हणाली. मी हो म्हणालो.

वाटलं, संपलं एकदाचं. कसलं संपतंय! चहाच्या वेळी तिने पहिलं बिस्किट बाजूला काढलं आणि पाहुणे कुठे गेले असं विचारलं. मी म्हटलं, मीच तो पाहुणा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. पाहुण्यांना मिशी नव्हती, असं सांगून तिने मला गप्प केलं. आता दाराकडे बघत असते ती पाहुण्यांसाठी. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे, छकुले. मिशी ठेवली तर एक जण जातो, काढली तर दुसरा. तू आलीस की दोघी मिळून काय ते ठरवा.

तोवर तिने पाहुण्यांना पत्र घातलं आहे. सांगितलं तिने, लिहिलं मी, एक अक्षर बदलू दिलं नाही. पाहुण्यांचा पत्ता मला ठाऊक नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवतो. जपून ठेव.

ये लवकर. आम्ही सगळे वाट बघतो.
तुझे बाबा

*

पाहुणे यांना,
नमस्कार.

आजोबा आले. मिशी आहे. तुम्ही विचारत होतात म्हणून कळवलं.

तुमचं बिस्किट डब्यात आहे. मऊ झालं तर दुसरं देईन. याल तेव्हा दार वाजवा.

मी तुम्हाला आजोबांविषयी जे सांगितलं ते तुम्ही आजोबांना सांगू नका. त्यांना माहीत आहे.

मॅडम