रकाना रिकामा ठेवू नये

ता. १२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणत तू पाकीट उलटंपालटं करशील. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून.

तर, प्रवेश मिळाला. पर्यावरणशास्त्रातली संशोधनाची पदवी. तास नाहीत, परीक्षा नाही. दोन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागायचं आणि शेवटी प्रबंध लिहायचा. बाबा म्हणाले, बदलीच्या अर्जाच्या बाबतीत ते वीस वर्षं हेच करताहेत, त्यांना कुणी पदवी दिली नाही.

बसायची जागा तळघरात आहे. एका बाजूला फ्रीज, त्यावर ‘यात डबे ठेवू नयेत’ अशी चिठ्ठी आणि आत सगळ्यांचे डबे. खुर्चीला चाकं तीन. गाइडना मुलं संदर्भसर म्हणतात. काल मी नुसतं म्हटलं, की बाहेर उकडतंय, तर संदर्भ कोणता असं त्यांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

आता खरी बातमी. माझा विषय आहे तुझ्याच जलशुद्धीकरण केंद्राची तीस वर्षांची रजिस्टरं. पाण्याचा रोजचा गढूळपणा. त्यातल्या एका वर्षी दोन महिने गढूळपणा हळूहळू वाढत गेला. सरांनी त्याला ‘मंद चढ’ नाव दिलं, डोंगरावरची झाडं तुटल्याचा तो परिणाम आहे असं सिद्ध केलं, आणि त्यावर दोन परिषदा आणि एक मानचिन्ह मिळवलं. मी तो चढ पुढे न्यायचा आहे. पहिलंच रजिस्टर उघडलं आणि तुझं अक्षर. तुझा तो नाक वर केलेला चार. तुला काय काय आठवतं ते सविस्तर लिही.

लोभ आहे तसाच राहू दे, फक्त जरा लवकर पोचव.

तुझी,
ठकी


ता. २० जून

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अभिनंदन. पस्तीस वर्षं त्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळल्यावर मी एवढंच शिकले, की पाणी स्वच्छ ठेवायला चौथी पास माणूस पुरतो, ते घाण का झालं हे सांगायला पदवी लागते.

तुझे सर भारी दिसतात. पाणी नळातून केव्हाच वाहून गेलं, आणि हे रजिस्टरात घागर बुडवून बसले आहेत. माझं ऐक. जुनी रजिस्टरं म्हणजे उंदरांचा खाऊ. तुला लहानपणापासून धूळ सोसत नाही. बेडूक घे. बेडकांवर काम करणाऱ्यांना मोकळी हवा मिळते आणि बेडूक कधी रजिस्टर ठेवत नाहीत. नाहीतर हवा घे, ती सगळीकडे असते.

आणि आठवायचं म्हणशील, तर सकाळी नमुना घ्यायचा, यंत्रात धरायचा, आकडा लिहायचा. यात काय आठवणार? अक्षर माझंच असेल असंही नाही. नाक वर केलेला चार पुष्कळ लोक काढतात.

तीन चाकांच्या खुर्चीवर मागे रेलू नकोस. माया आहेच, पत्रातून मागितली म्हणून जास्त मिळत नाही.

तुझी,
आत्या


ता. ३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बेडकांनी मला नकार दिला, त्यामुळे रजिस्टरंच चालू आहेत. तीस वर्षांच्या नोंदी संगणकात भरून झाल्या. मान आखडली आहे आणि तुझा चार आता स्वप्नातही नाक वर करून येतो.

एक गोष्ट विचारायची आहे. सरांच्या चढाच्या आधीची चार वर्षं घे. एक हजार चारशे एकसष्ट दिवस. इतक्या दिवसांत गढूळपणा एकदाही १.८ च्या वर गेला नाही. लागोपाठ दोन दिवस तोच आकडा एकदाही आला नाही. पूल पाण्याखाली गेला होता तो आठवडा मी मुद्दाम पाहिला. नदीत झाडं, पत्रे, कुणाचा तरी दरवाजा वाहत होता, आणि रजिस्टरात १.५. इतकं शहाण्यासारखं वागणारं पाणी मी कुठे पाहिलं नाही. आपल्या घरात तर माणूसही पाहिलं नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, रजिस्टर हा संदर्भ आहे, शंका हा संदर्भ नाही.

चारही वर्षं अक्षर तुझं आहे. यंत्र बिघडलं होतं का, एवढंच सांग.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, मग उत्तर काहीही असो.

तुझी,
ठकी


ता. ११ ऑक्टोबर

प्रति,
संशोधक विद्यार्थिनी,
तळघर.

विषय : आपले पत्र.

महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कर्मचारी सेवानिवृत्त असून चष्मा कुठे ठेवला हेदेखील तिला आठवत नाही. सबब आपण मागितलेली माहिती उपलब्ध नाही. बेडकांचा फेरविचार व्हावा.

आशीर्वाद नेहमीप्रमाणे सोबत जोडले आहेत. पोच द्यावी.

आपली,
आत्या


ता. २८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. पोच द्यायला दीड महिना लावला, कारण तुझ्या पत्राला हसावं की रडावं ते ठरेना. हसले. मग चिडले.

मध्यंतरी सरांनी तोडगा काढला. ती चार वर्षं प्रबंधातून गाळून टाक म्हणाले. चार वर्षं कमी असली तरी पदवी अडत नाही, चढ कमी असला तर अडते. म्हणजे चढ ठेवायचा आणि त्याचा पायथा उडवायचा. मी हो म्हटलं, आत्या. खोटं कशाला सांगू? पदवी मलाही हवी आहे, आणि तुझं नाव कुठे यायला नको, हेही मनात होतं.

गाळण्याआधी एक आठवडा पाहिला, तेवढंच चुकलं. मी सातवीत होते, बाबांच्या बदल्यांमुळे तुझ्याकडे शाळेला होते आणि मला कावीळ झाली, तो आठवडा. १.४, १.६, १.५, १.४, १.७, १.५, १.६. पाचाच्या आत असलं की पाणी चांगलं, हे तूच मला शिकवलं होतंस. त्या सात आकड्यांकडे बघत मी जेवायची वेळ घालवली. कावीळ पाण्यानेच झाली असं मी म्हणत नाही. बाहेर खाल्लेल्या कशानेही झाली असेल. पण तू दिवसभर माझ्या उशाशी होतीस, रजाच घेतली होतीस. मग ते सात आकडे कुणी मोजले?

पुन्हा विचारणार नाही.

तुझी माया मला हवी आहे. ती मागताना आज पहिल्यांदाच हात अडखळला.

ठकी


ता. ९ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुणीच मोजले नाहीत. रजेवरून आल्यावर मी सात रकाने एका बैठकीत भरले.

यंत्रातला दिवा गेला होता. नवा मागवायचा अर्ज मी केला. तो वर गेला, खाली आला, त्याला टाचणी नव्हती म्हणून परत गेला. चार वर्षं फिरत होता. तुझ्या बाबांच्या अर्जांना वाटेत भेटला असेल. मोठ्या साहेबांना विचारलं, तोवर काय लिहू. ते म्हणाले, काहीही होवो, रकाना रिकामा ठेवायचा नाही. पहिला महिना मी पेला उजेडात धरून अंदाजाने लिहिलं. मग पेला धरायचाही कंटाळा आला. घरून निघताना, चपला घालता घालता मी आकडा ठरवत असे.

शेवटी दिवा आला. यंत्र लावलं, पहिलाच आकडा नऊ. साहेबांच्या कपाळावर घाम. काल दीड आणि आज नऊ कसं, वरचे विचारतील. मग त्यांनी सांगितलं आणि मी केलं: रोज थोडं थोडं वाढवत दोन महिन्यांनी नऊवर आणलं. तुझ्या सरांचा मंद चढ तो हाच. डोंगरावरची झाडं बिचारी निर्दोष आहेत. मानचिन्हातला अर्धा भाग माझा निघतो, पण मागणार नाही.

थट्टा इथे संपवते. तुला कावीळ झाली त्या दिवसापासून मी आपल्या घरात पाणी उकळायला लागले. वीस मिनिटं, रोज. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी राहायची, अजून राहते. तिची दोन्ही मुलं त्याच महिन्यात पिवळी पडली. मी त्यांना बघायला गेले, थोरल्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि पाणी उकळ एवढे दोन शब्द बोलले नाही. बोलले असते तर तिने विचारलं असतं, तुला कसं माहीत. मुलं बरी झाली. धाकट्याला तीन महिने लागले.

लेखी निवेदन केलं आहे, दोन प्रती, सही आणि तारखेसह. एक सोबत आहे, ती सरांना दे. एक कार्यालयाला मी रजिस्टर्ड टपालाने पाठवली आहे, म्हणजे तू मला वाचवायला जाशील ती वाटच नको. पेन्शनचं काय व्हायचं ते होईल.

तू हात अडखळू देऊ नकोस. मागायची पाळी आता माझी आहे.

आत्या


ता. ३० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं निवेदन सरांनी उभ्यानेच दोनदा वाचलं. मग बसले. पहिला प्रश्न असा, की आत्याचं पत्र संदर्भ म्हणून कसं द्यायचं, त्याला क्रमांक नाही. मी सांगितलं, रजिस्टर्ड टपालाचा क्रमांक आहे. तिसऱ्या दिवशी विभागाच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, की त्या चढाबद्दल त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. मानचिन्ह कपाटावरच आहे, फक्त भिंतीकडे तोंड करून.

तुझ्या कार्यालयाने आम्हालाही उत्तर पाठवलं: सदर नोंदी नियमानुसार असून त्यात त्रुटी आढळत नाही. तू खोटं लिहिलंस हे तू सांगतेस, आणि ते म्हणतात तू खोटं सांगतेस.

मी विषय बदलून मागितला आहे. रचलेल्या नोंदी कशा ओळखाव्यात, हाच प्रबंध. सरांनी सही केली. न करून सांगतात कुणाला. आता तू शिकव. मला आकडे दिसतात, ते लिहिणारा माणूस दिसत नाही.

मी रागावले आहे आणि तुझीच आहे. दोन्ही एकदम जमतं, हे नवीन कळलं. लोभ चालू ठेव.

ठकी


ता. १० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ते उत्तर मलाही आलं आहे, गोल शिक्क्यासह. नोकरीत असताना मला कुणी प्रामाणिक म्हटलं नाही. खोटेपणा कबूल केल्यावर म्हटलं.

शिकवणी अशी. खरं पाणी बेशिस्त असतं. तीन दिवस तोच आकडा देईल, चौथ्या दिवशी उडी मारील. रचणारा माणूस उडी मारायला भितो आणि तोच आकडा पुन्हा लिहायला लाजतो. शेवटी शून्य आलं की त्याला वाटतं पकडले जाऊ, म्हणून तो चार, सहा, सात लिहितो. सोमवारचा आकडा जरा जपून लिहितो, कारण सोमवारी साहेब येतात. सुट्टीआधी शाईही एकच आणि हातही एकच. पाच दिवस एका दमात लिहिलेले असतात. पानाला डोळे लाव, दिसेल.

शिक्क्याचा कागद घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले. तिला सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. हातातली शिवण तिने संपवली, दोरा तोडला आणि विचारलं, की तू उकळायला कधी लागलीस. मी तारीख सांगितली. ती म्हणाली, आकड्यांचं तिला कळत नाही, यंत्र मी थोडंच बिघडवलं. पण जिन्यातून जाता येता एक वाक्य ओरडता आलं असतं. मग तिने पुढचं कापड घेतलं. मी खाली आले. आता जिन्यात भेटली की ती मला वाट देते. पूर्वी अडवून गप्पा मारायची.

तू रागावून का होईना, लिहीत राहा.

आत्या


ता. १९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शिकवणीच्या पत्राला सव्वा वर्ष झालं. अखेर दोन वर्षं पुरी झाली आणि काल तोंडी परीक्षाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयाने तुझ्याएवढ्या. त्यांनी विचारलं, की सोमवारचा नियम मला कोणत्या पुस्तकात सापडला. मी म्हटलं, स्वयंपाकघरात. सर खुर्चीत हलले, पण संदर्भ मागितला नाही. मग बाईंनी विचारलं, नोंद करणाऱ्यावर काय कारवाई झाली. मी सांगितलं, कार्यालयाने तिला निर्दोष ठरवलं. त्या बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या, मान वर केली नाही.

पदवी मिळाली. किरकोळ दुरुस्त्या आहेत, महिन्यात द्यायच्या. सरांचा मंद चढ छापील अंकात आहे तिथेच आहे; खाली तळटीप आली आहे, मुंगीच्या डोळ्यांना वाचता येईल अशी. दुसऱ्या एका पाणीपुरवठा कार्यालयाने मला त्यांची रजिस्टरं तपासायला बोलावलं आहे. तिथे कुणाची तरी आत्या असणार, म्हणून जायची जरा भीती वाटते.

प्रबंधाची प्रत वेगळी पाठवली आहे. ऋणनिर्देशाचं पान आधी बघ. पहिले सर, कारण तसा नियम. मग बाबा. मग तीन ओळी तुझ्यासाठी, त्या मी चार वेळा लिहिल्या.

आता रागातलं फार उरलेलं नाही. लोभाला जागा झाली आहे, भरपूर पाठव.

तुझी,
ठकी


ता. २७ मे

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रबंध पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. सहा दिवस लागले. तक्ते कळले, मधलं गणित कळलं नाही, तू शहाणी झालीस एवढं कळलं. त्या नव्या कार्यालयात जा. तिथली जी कुणी असेल तिच्याशी नीट बोल, पण रजिस्टर तिच्यासमोरच उघड.

वरच्या मजल्यावरचं बोलणं अजून बंद आहे. मी काही विचारायला जात नाही. विचारून मिळण्यासारखं ते नाही.

दुरुस्त्यांना महिना आहे म्हणतेस, तर माझ्याही दोन कर. ऋणनिर्देशातल्या माझ्या तीन ओळी काढून टाक. सुरेख आहेत, मी त्या उतरवून घेतल्या आहेत. पण ऋण तुझ्यावर नाही, त्यामुळे ते पान माझं नाही. माझं पान तिसऱ्या प्रकरणात आहे, खोट्या नोंदींच्या तक्त्याखाली. तिथे तू ‘नोंद करणारा कर्मचारी’ असं लिहिलं आहेस. तुला वाटलं असेल, आत्या झाकलेली बरी. करणारा नव्हता, बाई होती, आणि तिला नाव आहे. ते तिथे लिही. पूर्ण लिही.

लोभ असू दे.

तुझी,
आत्या