बेलचा करंट आणि माझा शांत स्वभाव

७ एप्रिल, सोमवार

आजपासून राग बंद. मंजुश्रीने अट घातली आहे : पुन्हा कुणावर हात उचलला तर ती उदगीरला माहेरी जाणार, ती कायमची. पोळ्याला तिच्या बहिणीच्या नवऱ्याचा दात पडला, ते अजून मनात धरून बसली आहे. दात आधीपासून हलत होता. मी फक्त निमित्त.

वास्तविक माझ्याइतका शांत माणूस लातूरच्या पेंडीच्या दुकानदारांत दुसरा नसेल.

८ एप्रिल

नळ आला आणि पायरीवरची कुंडी फुटली. पुन्हा! नळ येतो नेमकी त्याच दिवशी फुटते. म्हणजे शेजारचे गुरुपादप्पाच. माझ्याकडे धो धो पाणी, त्यांच्याकडे करंगळीएवढी धार, त्याचा जळफळाट. माझी मोटार त्यांना कुठे माहीत? नळाला मोटार लावायला बंदी, म्हणून मी ती दाराबाहेर पायरीशी पत्र्याच्या पेटीत बसवली, वरून कुंड्या मांडल्या. वायर बेलच्या पॉइंटवरून घेतली. याला डोकं लागतं.

कुदळीचा दांडा घेऊन त्यांच्या गेटपर्यंत गेलो होतो. दांडा मोडला. गेट लोखंडी आहे, त्याला काही होत नाही.

मग सुचलं. व्हिडिओ डोअरबेल! कॅमेऱ्यात पुरावा असला की हात उचलायची गरजच काय? मंजुश्री म्हणाली, हे लई चांगलं केलं. बऱ्याच दिवसांनी हसली.

१२ एप्रिल

बेल आली. जुन्या बेलच्या वायरीवर स्वतः बसवली. आधी मेन स्विच बंद करा, असं माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलंय. घाबरटांसाठी असेल. करंट बसला, थेट खांद्यापर्यंत. स्टुलावरून खाली आलो. उठून स्टुलाला लाथ घातली, अंगठा सुजला. स्टूल निर्जीव वस्तू आहे, अटीत येत नाही.

निळा लाइट लागला. आता दुकानात बसून फोनवर दार दिसतं. विभूती लावून पहिला फोटो माझाच काढला.

१५ एप्रिल, नळाचा दिवस

मोटार चालू केली आणि आत फोन घेऊन दबा धरून बसलो. बेलचा लाइट लाल. चित्र गायब. बाहेर कुंडी फुटल्याचा आवाज! धावलो, तर कोणी नाही. मोटार बंद केली, तर बेल आपोआप चालू. लाइट निळा.

म्हणजे गुरुपादप्पा आधी माझा करंट तोडतात, मग कुंडी फोडतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. शंकाच नको.

कस्टमर केअरच्या बाईने हिंदीत सांगितलं की बेलला पॉवर कमी पडते आहे. मी तिला मराठवाडी उत्तर दिलं. तिने फोन ठेवला. मग बेलला चपलेच्या दोन लगावल्या. हळूच.

१७ एप्रिल

संगमेश्वर इलेक्ट्रिशियन आला. म्हणाला, जुना ट्रान्सफॉर्मर या बेलला पुरंना. नवा बसवला, मीटर लावून पाहिलं, व्होल्टेज बराबर हाय म्हणाला. मग विचारलं की या लाइनवर दुसरा काही लोड हाय का. मी नाही म्हणालो. मोटार काही लोड नव्हे, नळ येईल तेव्हाच चालते. तर म्हणे, मग ही जाड वायर पायरीकडं कुठं चालली?

माझ्या घरात मलाच उलटतपासणी! मी फक्त त्याच्या खांद्याला हात लावला. तो स्टुलावरून पडला. त्या स्टुलाचा पाय त्या दिवशीच्या लाथेने ढिला झाला होता, त्यात माझा काय दोष?

मंजुश्रीने त्याच्या कोपराला हळद लावली. मी समजावलं की स्टुलावरचा माणूस उंच असतो, तिथपर्यंत पोचायचं तर हात वर जाणारच. त्याला उचलणं म्हणत नाहीत.

२२ एप्रिल

नळ. मोटार. लाल लाइट. कुंडी.

बाहेर गुरुपादप्पा घागर घेऊन उभे. विचारतात, वीरभद्रअप्पा, काय फुटलं हो? काय फुटलं!! कुंडीचं खापर उचललं आणि फेकलं. फेकलं म्हणजे हातातून सुटलं. त्यांच्या कपाळाला लागलं. टाके पडले. त्यांची बायको साखराबाई रस्त्यावर बसून मला शिव्याशाप देत होती. मंजुश्रीने म्हाताऱ्याच्या कपाळाला स्वतःचा पदर दाबून धरला. नवीन साडी होती.

संध्याकाळी तिने बॅग काढली. मी म्हणालो, पुढच्या नळापर्यंत थांब, पुरावा दाखवतो, मी खरा निघालो तर? ती म्हणाली, आणि खोटे निघालात तर? असल्या शंका हिच्या डोक्यात येतात कुठून? थांबली मात्र. बॅग भरलेलीच ठेवली.

२६ एप्रिल

बेलची लाइन तोडून घरातल्या इन्व्हर्टरवर घेतली. मेन स्विच बंद करून. आता तोडा म्हणावं करंट!

२९ एप्रिल, नळाचा दिवस

विजय! मोटार चालू केली तरी लाइट निळाच. कुंडी फुटली आणि सगळं रेकॉर्ड झालं. सगळ्या गल्लीला घरात बोलावलं. गुरुपादप्पांनाही, डोक्याच्या पट्टीसकट. रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. आधी स्वतः पाहिलं नव्हतं. खात्री असली की माणूस तपासत बसत नाही.

टीव्हीवर दार दिसलं. पायरी दिसली. माणूस कोणीच नाही. मग घर्रर्र आवाज. पत्र्याची पेटी थरथरायला लागली. कुंडी थोडी थोडी सरकत कडेला आली आणि पडली.

मग साखराबाई म्हणाली, अगं बया, मोटार हाय की ही! आख्खी गल्ली हसली. मी रिमोट फेकला, टीव्ही फुटला. टीव्ही माझा, अटीत येत नाही. पण गुरुपादप्पा समजूत घालायला जवळ आले, जाऊ द्या म्हणाले, आणि त्यांची कॉलर माझ्या मुठीत कशी आली कळलं नाही. सोडवायला तिघे लागले.

मंजुश्री हसणाऱ्यांत नव्हती.

३० एप्रिल, बसव जयंती

दुकानात असताना फोन वाजला. दारात कोणीतरी आहे. पाहिलं तर मंजुश्री. चित्र एकदम क्लिअर. बेलकडे बघून म्हणाली, चावी साखराबाईंकडं ठेवली, भाकरी झाकून ठेवल्यात, जाते. मागे गुरुपादप्पा तिची बॅग ऑटोत ठेवत होते.

मी फोनवरचं बोलायचं बटण दाबून थांब म्हणून ओरडलो. माझा आवाज तिकडे दारावरच्या बेलमधून निघाला आणि तिने दचकून हात तोंडासमोर धरला, मार चुकवतात तसा.

एवढ्या लांबून मी काय मारणार होतो?

५ मे

मोटार काढून टाकली. बेल सलग चालू आहे. लाइट निळा. पण वाजत नाही. करंटचा प्रॉब्लेम असेल म्हणून वायरी तपासल्या. बरोबर आहेत. मग दार ओढून घेतलं, बाहेर उभं राहून स्वतःच दाबून पाहिली.

आत छान वाजली. दार उघडायला कोणी आलं नाही.