मार्चमधला सडा

गुरुजी, वाडीतला तुमचा झरा आटला. हे तुम्हाला सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि तो का आटला हेही मलाच सांगायला हवं. सड्यावर, वाडीच्या डोक्यावरच्या त्या सपाट कातळमाळावर, चिरेखाण सुरू होऊन बरीच वर्षं झाली. यंत्राने जांभ्याचे चिरे कापून काढतात, खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसे, आणि मागे सरळ कडांचे खोल चौकोन राहतात. परवा ताईने, तुमच्या धाकट्या लेकीने, मोबाइलवर आकाशातून दिसणारा सडा दाखवला. "बघा दादा, अंगावरची कातडी सोलून काढल्यागत दिसतंय," म्हणाली. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खाणीच्या कडेला जेवढा सडा शिल्लक होता तेवढा मला ताबडतोब ओळखता आला. नोकरी संपेपर्यंत मी हेच करत होतो, उपग्रहाने काढलेली चित्रं बघायची आणि कुठली जमीन कुठल्या प्रकारची ते ठरवायचं.

श्रावणातला एक दिवस माझ्या मनात अजून ओला आहे. कविता शिकवायची असली की तुम्ही वर्ग सड्यावर नेत असा. बाकांवर बसून श्रावणाच्या कविता म्हणणं तुम्हाला पटायचं नाही. सगळा सडा फुललेला असतो. सीतेच्या आसवांची निळी फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून आम्ही उड्या मारत चालतो. खळग्याखळग्यांत पाणी आणि त्या पाण्यात ढग. कविता चालीवर म्हणून झाली की तुम्ही छत्री मिटता आणि पिशवीतून भाताचं तूस काढता. कातळात एक भोक असतं, त्यात खळाळ ऐकू येतो. "हे पाणी जातं कुठं?" तुम्ही विचारता. कुणी म्हणतं पाताळात, कुणी म्हणतं समुद्रात. तुम्ही हसता आणि मला खाली बौद्धवाडीतल्या झऱ्यावर पिटाळता. "तिथं बसून राहा. हलायचं नाही." मी बसतो. कंटाळतो, खेकडे मोजतो, नुकतीच शिकलेली कविता पुन्हा पुन्हा म्हणतो. आणि मग झऱ्याच्या तोंडातून सोनेरी तूस येतं, आधी दोन-चार कण, मग मूठभर. ओरडत मी जसा डोंगर चढलो आहे, तसा पुढे कुठल्याच गोष्टीसाठी चढलो नाही.

परतताना तुमच्या घरी आलो. चुलीपुढे बाई तांदळाची भाकरी भाजत होत्या. त्यांनी भाकरीवर सुकटाची चटणी घातली आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. आईने मला बजावून ठेवलं होतं, "गुरुजींकडे जा खुशाल, पण पाणी पिऊन येऊ नकोस." तुम्हाला ते ठाऊक असणारच. गावच्या विहिरीवर तुमच्या वाडीला उभं करत नसत, तेव्हापासून तो झरा तुमच्या लोकांचा. तुम्ही धर्म बदललात, शिकलात, मास्तर झालात, तरी आमच्या घरातली भांडी तुमच्यासाठी वेगळीच राहिली. तुम्ही मला पी म्हणाला नाहीत, नको पिऊ असंही म्हणाला नाहीत. कोनाड्यातल्या पुस्तकाकडे तोंड करून उभे राहिलात, माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून. चटणी तिखट होती. मी सगळा तांब्या संपवला. बाई म्हणाल्या, "अरे हळू, ठसका लागेल." घरी गेल्यावर खोटं बोललो.

त्याच वर्षी, या श्रावणाच्या आधी, तुम्ही मला रागावला होतात. निसर्गवहीत सड्याचं चित्र काढायचं होतं. मी परीक्षा झाल्यावर घरीच बसून काढलं, तपकिरी खडूने सगळं पान घासलं आणि खाली लिहिलं, "आमच्या गावचा सडा ओसाड आहे." तुम्ही लाल शाईने 'ओसाड' खोडलंत. "कधी पाहिलास?" मी म्हटलं, "आत्ता, चैत्रात." "मग तसं लिही. चैत्रात ओसाड. झोपलेल्या माणसाला बघून मेला म्हणून गावभर सांगत सुटशील काय?" पोरं हसली. तेव्हापासून तुमच्या वर्गात महिना लिहिल्याशिवाय कुठलंही चित्र पुरं होत नसे. ती वही माझ्यापाशी आहे. वाळवीने दोन पानं नेली, हे पान ठेवलं.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला पितळी दांड्याचं भिंग दिलंत. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर उपग्रहाचं चित्र पसरायचं, वर पारदर्शक कागद ठेवायचा आणि भिंगातून बघत जंगल, शेती, पाणी, पडीक अशा रेघा आखायच्या, प्रत्येकाला आकडा द्यायचा. त्या चित्रांत हिरवी झाडं लाल दिसतात. मला गंमत वाटायची. आपलं कोकण लालभडक, समुद्र काळा, आणि मी तुमच्या कविता पुटपुटत त्यावरून हात फिरवतोय. शेजारचा म्हणायचा, "कवी, टेबल पुसून घ्या, अश्रू सांडले असतील." आपल्या तालुक्याचं चित्र आलं तेव्हा त्याची एक प्रत घेऊन मी रजेवर गावी आलो, थेट तुमच्या ओटीवर. तुम्ही थकला होतात, खोकला सुटत नव्हता. तरी भिंग मागून घेतलंत आणि बराच वेळ वाकून पाहिलंत.

"हा आपला सडा?"

"हो गुरुजी."

"राखाडी का रे दिसतो? महिना कुठला?"

"मार्च."

"श्रावणातलं दाखव."

"श्रावणातलं नसतं. ढग असतात ना. जून ते सप्टेंबर वरून खालचं काही दिसत नाही."

तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली. "म्हणजे आपलं गाव जिवंत असतं नेमकं तेव्हाच तुमचा उपग्रह आंधळा. चांगलं आहे." मग हसू थांबवून म्हणालात, "त्यात शेरा लिहायला जागा असते का?" मी म्हटलं, असते. "मग लिही की मार्चमध्ये पाहिलं, पावसात इथं पाणी असतं, खाली झरा आहे. एवढं कर." मी करतो म्हटलं. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

आता ऐका. चित्रावरून ठरवलेलं जागेवर जाऊन तपासायचा नियम होता. मी गेलो, तोही मार्चमध्येच, कारण पावसात जीप मिळत नसे. सड्याखालच्या रस्त्यावर ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, वर चढायचं, की इथूनच?" ऊन मरणाचं होतं. पायथ्याला तुमचं घर दिसत होतं, दार बंद. "इथूनच," मी म्हटलं. ऑफिसात परतल्यावर शेऱ्याच्या रकान्यात मी एक ओळ लिहिली होती, हे खरं आहे. साहेबांनी तिच्यावर बोट ठेवलं. "हे काय निबंध लिहिताय? प्रत्येक सड्याची जन्मकुंडली दिली तर नकाशा होणार कधी? चित्रात दिसतं का पाणी?" मी म्हटलं, नाही. "मग काढा." मी ब्लेडने ती ओळ खरवडली. सड्याला पडीक, खडकाळ असा आकडा दिला. साहेबांनी धमकी दिली नव्हती, बदली करू म्हटलं नव्हतं. चहा आला होता आणि मला वाद नको होता, एवढंच.

पुढे तोच नकाशा कॉम्प्युटरवर गेला. माझी रेघ जशीच्या तशी गेली, मला तिचं वळण ओळखू येतं. खाणीच्या अर्जाला तोच नकाशा जोडलेला होता: जमीन पडीक, पाणी नाही, कुणाचं नुकसान नाही. सड्यातली भोकं डबराने बुजली, पाणी खाणीच्या चौकोनांत अडून राहिलं. झरा आधी मेपर्यंत टिकायचा, मग होळीपर्यंत, मग नुसती ओल. आता बौद्धवाडीत डिसेंबरपासून टँकर येतो. रांगेत उभ्या असलेल्या एका म्हातारीने मला ओळखलं. "तू गुरुजींचा ना रं पोरगा? झऱ्यावर तूस धरायला बसलेला?" एवढी वर्षं तिच्या लक्षात होतं. "बग आता," म्हणाली, "तूस बी नाय नि पानी बी नाय."

उरलेल्या सड्यावर खाण वाढवायचा अर्ज आला, तेव्हा ताईने हरकत घेतली. दवाखान्यातली नोकरी संपवून ती गावीच राहते. सुनावणीला रत्नागिरीला मला सोबत घेऊन गेली, "दादा, तुम्हाला त्यातलं कळतं," म्हणून. ती तुमच्यासारखीच ताठ उभी राहून बोलली, पावसात तिथे गुडघाभर पाणी असतं, मी त्यात खेळलेय. अधिकारी तरुण होता, उर्मट नव्हता. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. "मॅडम, तुमचं म्हणणं मी समजू शकतो. पण हा शास्त्रीय नकाशा आहे, उपग्रहावरून केलेला. यात पाणी नाही." ती माझ्याकडे वळली. पिशवीत निसर्गवही होती, चैत्राचं पान होतं, त्यापुढचं श्रावणाचं पानही, ज्यावर मी तुसाचे पिवळे ठिपके काढले आहेत. मी उठलो नाही. घसा बसलाय अशी खूण केली. परतीच्या एसटीत तिनेच मला खडीसाखर दिली.

तिला माहीत नाही की ती रेघ माझी आहे. तिला वाटतं मी एक जाणकार आहे, कुणा दुसऱ्याच्या चुकीबद्दल बोलू शकणारा. अधिकाऱ्याने लेखी म्हणणं द्यायला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. ती म्हणाली, "तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, दादा, की नकाशा मार्चच्या चित्रावरून केलाय. तुमचं नाव, हुद्दा, सही. तुमचं ऐकतील." एवढंच. तुम्ही ओटीवर सांगितलं होतं तेच वाक्य. पण खाली नाव घातलं की ती विचारणार, तेव्हा नकाशा कुणी केला होता. आणि मग मला तिच्या आईच्या हातचा तो तांब्या आठवणार, तिच्यासमोर.

या पत्रावर महिना घातलेला नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. लाल शाई आता कोण लावणार. चार पानं झाली आहेत, ओळी सरळ आहेत, अक्षर अजून तुम्ही वळवलेलं. हे कागद मी सकाळी त्या लेखी म्हणण्यासाठी विकत आणले होते. दुपारी ताईचा फोन आला. "दादा, लिहिलंत का?" मी म्हटलं, "लिहितोय." तेव्हा मी दुसऱ्या पानावर होतो, तुम्हाला झऱ्यातून आलेल्या तुसाचा रंग सांगत.