फोनवर दिलेलं नो ऑब्जेक्शन

मी, लुंबिनी समाधान गजभिये, वय एकोणीस, राहणार लक्ष्मीबाई नगर. डोकं ठिकाणावर आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. शुक्रवारी माझं हार्टचं ऑपरेशन आहे, म्हणून हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतेय. शेजारचे भाऊराव काका कोर्टात टायपिस्ट होते, काय काय लिहावं लागतं ते त्यांनीच सांगितलं. मला बोलायला जमत नाही, लिहायला जमतं.

१. शिलाई मशीन आणि मोठी कात्री रुचिराला. करोल बागच्या बुटीकमध्ये आम्ही दोघी ऑल्टरेशन करतो. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, बिल्कुल नाही.

२. बँकेत जे असेल ते बाबांना. एक अट आहे. ते अजून लोकांना सांगतात की मी प्रायव्हेट बारावी करतेय. मी अकरावीत शाळा सोडली. आईच्या पोस्टिंगमुळे ती माझी पाचवी शाळा होती, आणि हजेरीला माझा आवाजच निघायचा नाही. आता सरळ सांगायचं, पोरगी कपडे शिवते.

३. ग्लोब खालच्या मजल्यावरच्या छोट्या मानसला. बाहेरच्या देशात घेतलेला आहे, आपली बॉर्डर चुकीची छापलीय. आईने वर पट्टी चिकटवून पेनाने बरोबर काढलीय. पट्टी उखडायची नाही.

४. माझी आई शीला फॉरेन सर्व्हिसमध्ये आहे. तीन आठवडे झाले, ती परदेशात बॉर्डरच्या बोलणीला बसलीय. नदीकाठची दोन गावं कुणाची, यावर भांडण आहे. रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "शेवटची बैठक नेमकी शुक्रवारीच आहे गं. मी इथे थांबले तर चालेल?" आमच्या घरी पिक्चरला जायचं असलं तरी ऑफिससारखंच बोलतात. मी म्हणाले, "नो ऑब्जेक्शन." ती हसली, थँक्यू म्हणाली, आणि तिने तिकीट कॅन्सल केलं.

५. आधीचं सगळं रद्द, असं मृत्युपत्रात लिहायची पद्धत आहे, असं काका म्हणतात. आधी मी काही केलेलंच नाही. रद्द करण्यासारखं माझ्याकडे ते नो ऑब्जेक्शनच आहे. ते रद्द करते. आई, मला ऑब्जेक्शन आहे. मला भीती वाटतेय. तू ये.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात म्हणे. हे तसं ठेवू नका. बाबांनी आजच फोटो काढून आईला पाठवायचा. पाठवताना मी तिथे थांबणार नाही, आतल्या खोलीत असेन.

सही: लुंबिनी गजभिये

आमच्यासमोर सही केली:
भाऊराव मेश्राम
अलकनंदा मेश्राम

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५