साळूच्या गळ्यातल्या कवड्या

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. पेठ.

साळूला आज पुन्हा श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आता घरीच ठेवा." म्हणजे काय ते कळलं!

तिचा एकच धोशा — "माळ घ्या कुणीतरी. माळ दिल्याबिगर मला जाता येत न्हाई." देवीची कवड्यांची माळ. माझ्या आईनं जाताना सुनेच्या, म्हणजे हिच्या गळ्यात घातली. तेव्हापासून दर मंगळवारी, शुक्रवारी पाच घरी जोगवा. आता साळूनं ती पुढं द्यायची. कुणाला?

५ नोव्हेंबर

पोराला, सुदर्शनला, चाकणला फोन केला. "दादा, आरती ऑफिसला जाती. माळ घालून दारोदार पीठ मागणार का ती?" खरंय पोराचं.

फोन ठेवला आणि हलकं वाटलं. लाज वाटली मग. कुणी घेत नाही तोवर साळू आहे — असं आलं मनात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तिचं अंग पुसताना कवड्या बघत बसलो. पाठी घासून ओवलेल्या, पोटाला दातेरी फट. नातीनं, संस्कृतीनं मागं सांगितलं होतं — "आजोबा, यात गोगलगाय राहते. जिवंत असते तोवर स्वतःचं अंगच बाहेरून पांघरते कवडीवर. म्हणून ही चकाकी."

केवढी कविता ही! चौथीत समुद्राची कविता मी वर्गापुढं हातवारे करून म्हटली होती. समुद्र काही पाहिला नाही. साळूनंही नाही. आणि जन्मभर गळ्यात ही समुद्रातली रिकामी घरं!

तिला सांगायला गेलो. "तुमची कविता ऱ्हाऊ द्या. आदी पाणी पाजा."

९ नोव्हेंबर, रविवार

सुदर्शन-आरती आले. पोरानं येताना दुकानातून प्लास्टिकच्या कवड्यांची माळ आणलेली! आरतीच्या गळ्यात घातली, आईसमोर उभं केलं. "आई, घेतली बघ हिनं. आता निवांत हो."

साळूनं स्वतःचा गळा चाचपला. "माझी तर हितंच हाय की रं! देवीला फशिवतो व्हय?"

आरतीला हसू आलं, मग रडू. "मामा, मला नाही जमणार हो." पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

१० नोव्हेंबर

पाणीही उतरत नाही. "घ्या की." एवढंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बोलणं थांबलं. हात माळेवर. डोळे माझ्याकडं — माझ्याकडंच!

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२ डिसेंबर, मंगळवार

साळूची माळ गळ्यात घालून पाच घरं जोगव्याला फिरलो. पहिल्या दारात आवाजच फुटेना. कुशाबाई म्हणाली, "मोठ्यानं म्हना भाऊ, लाजायचं न्हाई त्यात." मग म्हणालो.

परडी भरून पीठ आलं. एकट्याला एवढं कशाला लागतंय!